सॅली फ्लॉइड यांचं नाव आमच्या एक्सेल शीटमध्ये भरलं तेव्हा

दर जूनमध्ये आमच्या कॉलेजच्या संशोधन समितीपुढे एक एक्सेल शीट येते. प्राध्यापकाचं नाव, जर्नल पेपर किती, कॉन्फरन्स पेपर किती, स्कोपस या शोधनिबंधांच्या सूचीवर सायटेशन (म्हणजे इतरांनी पेपरचे दिलेले संदर्भ) किती, त्यावरून निघणारा एच-इंडेक्स किती, पीएचडीचे विद्यार्थी किती, पेटंट, पुस्तकातला धडा आणि सगळ्यात शेवटी ‘इतर’. प्रत्येक रकान्याला गुण ठरलेले. बेरीज शीट स्वतःच करते, समितीनं चहा प्यायचा आणि सही करायची. यंदा सहीच्या आधी मी एक रिकामटेकडा उद्योग केला. शीटच्या तळाशी एक ओळ मोकळी होती, तिच्यात इंटरनेटच्या गर्दीवर काम केलेल्या संशोधक सॅली फ्लॉइड यांचं नाव टाकलं आणि त्यांचा आयुष्यभराचा हिशेब भरायला बसलो.

फ्लॉइड म्हटलं की आपल्याकडच्या पोरांना फ्लॉइड-वॉरशॉल हा अल्गोरिदम आठवतो. ते रॉबर्ट फ्लॉइड, या वेगळ्या. सॅली फ्लॉइड यांचा जन्म १९५० चा, अमेरिकेतल्या व्हर्जिनियातला. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातून १९७१ साली पदवी घेतली ती समाजशास्त्राची. पुढे काही वर्षं सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या ‘बार्ट’ या लोकल रेल्वेच्या संगणकांवर नोकरी. तिशी उलटल्यावर पुन्हा बर्कलीत विद्यार्थी म्हणून दाखल, आणि १९८९ साली, एकोणचाळिसाव्या वर्षी, रिचर्ड कार्प यांच्याकडे पीएचडी. त्यानंतर लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा, मग १९९९ पासून बर्कलीतल्याच इंटरनॅशनल कॉम्प्युटर सायन्स इन्स्टिट्यूटमधलं इंटरनेट संशोधन केंद्र. २००९ मध्ये निवृत्ती, ऑगस्ट २०१९ मध्ये निधन. विद्यापीठातली प्राध्यापकी हा त्यांचा पेशा नव्हता, त्यामुळे ‘पीएचडीचे विद्यार्थी’ हा रकाना रिकामाच सोडला. तिथेच वीस गुण गेले.

सायटेशनच्या रकान्यात मात्र शीट खूश व्हावी असा आकडा. २००७ च्या सुमारास अख्ख्या संगणकशास्त्रात ज्यांचे पेपर सर्वाधिक उद्धृत होत अशा पहिल्या दहांत त्यांची गणना होई. २००५ साली आयईईईचा इंटरनेट पुरस्कार, २००७ साली एसीएम सिगकॉम या नेटवर्किंगवाल्यांच्या संघटनेचा पुरस्कार. समितीतल्या कुणीही एवढं पाहून पुढचं पान उलटलं नसतं. माझा प्रश्न पुढच्या पानावर सुरू झाला: हा आकडा नक्की कशाचा आहे?

यादीत पहिला धक्का बसतो तो नेटवर्किंगबाहेरच्या पेपरचा. पीएचडीचा प्रबंध नेटवर्कवर नव्हताच, तो यंत्राच्या शिकण्याच्या गणितावर होता. त्यातून मॅनफ्रेड वॉरमुथ यांच्याबरोबर १९९५ साली ‘मशीन लर्निंग’ या नियतकालिकात एक पेपर निघाला. हजारो उदाहरणांवरून जे शिकलं, ते त्यांतली मूठभर उदाहरणं जपून पुन्हा उभं करता येईल का, आणि ती मूठ किती मोठी लागेल, असा प्रश्न. वॉरमुथ यांनी २००३ मध्ये त्यावर ६०० डॉलरचं बक्षीस लावलं. २०१६ साली मोरान आणि येहुदायॉफ यांनी मूठ कधीच अमर्याद लागत नाही एवढं सिद्ध केलं, पण ती फ्लॉइड-वॉरमुथ यांना अपेक्षित होती तेवढी छोटी असू शकते का, हे त्यानंतरही उरलंच. म्हणजे नेटवर्किंगच्या बाईंच्या नावावर दरवर्षी काही सायटेशन अशा लोकांकडून पडतात, ज्यांनी आयुष्यात राउटर उघडून पाहिलेला नाही. एच-इंडेक्सला त्याचं सोयरसुतक नसतं.

आता मुख्य पेपर. त्याच्या मागची गोष्ट १९८६ च्या ऑक्टोबरची. बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातलं अंतर जेमतेम चारशे यार्ड. त्या तुकड्यावरचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. चार हजार नव्हे, चारशे नव्हे, चाळीस. सगळे संगणक हरवलेली पॅकेटं, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, पुन्हापुन्हा पाठवत होते आणि त्या पुन्हा पाठवण्यानंच तार तुंबत होती. व्हॅन जेकबसन यांनी १९८८ च्या पेपरमध्ये त्यावर उतारा दिला: पॅकेट हरवलं की पाठवणाऱ्यानं वेग अर्ध्यावर आणायचा, मग हळूहळू वाढवायचा. टीसीपीचा, म्हणजे इंटरनेटवर दोन संगणक एकमेकांना माहिती पाठवतात त्या नियमांचा, हा स्वभाव आजही टिकून आहे. पण हे झालं दोन टोकांचं शहाणपण. मधला राउटर, म्हणजे पॅकेटं पुढे धाडणारं यंत्र, तसाच मठ्ठ राहिला. रांगेत जागा असेपर्यंत घे, भरली की येईल ते फेक.

या मठ्ठपणाची गंमत आषाढीच्या दर्शनबारीत उभं राहिलेल्याला लगेच कळेल. बारी काठोकाठ भरेपर्यंत कुणी काही बोलत नाही, आणि भरली की दार बंद होऊन बाहेरचे सगळे एकदम परत जातात. थोड्या वेळानं सगळे एकदमच परत येतात. नेटवर्कवर अगदी हेच: रांग ओसंडली की एकाच क्षणी अनेकांची पॅकेटं पडतात, सगळे एकदम वेग अर्धा करतात, तार ओस पडते, मग सगळे एकदम वाढतात. फ्लॉइड आणि जेकबसन यांनी ऑगस्ट १९९३ मध्ये ‘आयईईई/एसीएम ट्रान्झॅक्शन्स ऑन नेटवर्किंग’च्या पहिल्याच वर्षी उपाय सुचवला. रांग भरायची वाट पाहू नका. ती वाढू लागली की येणाऱ्या पॅकेटांतलं एखादं, चिठ्ठी टाकून निवडल्यासारखं, आधीच टाकून द्या. ज्याचं पडलं तो एकटा मंदावेल, बाकीचे चालत राहतील. नाव ‘रँडम अर्ली डिटेक्शन’, आद्याक्षरांनी रेड.

कल्पना दोन ओळींत मावते, पण चालवायला चार खुंट्या पिळाव्या लागतात. रांगेची क्षणाची लांबी पाहायची नाही, सरकती सरासरी पाहायची. नव्या मापाला तिच्यात किती वजन द्यायचं ही पहिली खुंटी. पेपरातल्या प्रयोगांत ते ०.००२ आहे. सरासरी पाच पॅकेटांच्या खाली असेल तर कुणालाच हात लावायचा नाही, ही दुसरी. पंधराच्या वर गेली तर सगळ्यांना बाहेर, ही तिसरी. या दोहोंच्या मधे टाकून देण्याची शक्यता शून्यापासून चढत कुठवर न्यायची, ही चौथी. प्रयोगांत पन्नासात एक. हे आकडे कुठून आले? प्रयोगांत बरे चालले म्हणून. तार बदलली, माणसं बदलली, वाहतूक बदलली की ते बदलणार. फ्लॉइड यांनीच पुढे पन्नासात एकऐवजी दहात एक सुचवलं, आणि मग पंधराच्या वर एकदम दार लावण्याऐवजी उतार सौम्य करणारी सुधारणाही आणली.

माझं म्हणणं असं की या पेपरच्या हजारो सायटेशनांचा झरा कल्पनेइतकाच या चार खुंट्यांत आहे. उत्तर पुरं झालं की लोक ते वापरतात आणि विसरतात. इथे मात्र खुंट्या नीट कशा पिळायच्या याचं उत्तर कधीच संपलं नाही. मग एक अख्खी पिढी बसली पिळत. फ्रेड आला, एसरेड आला, सिस्कोचा डब्ल्यूरेड आला. रेड हा योगायोगानं रंग निघाल्यामुळे ब्लू, ग्रीन, यलो, पर्पलही निघाले. प्रत्येक पेपरच्या पहिल्या परिच्छेदात फ्लॉइड-जेकबसन १९९३.

याच पंगतीत मीही एक पान वाढून घेतलं आहे. एम.ई.च्या डिझर्टेशनचा विषय मिळेना तेव्हा गाइड म्हणाले, ‘अरे एनएस-टू टाक मशीनवर, रेडमध्ये काहीतरी कर.’ एनएस-टू हा नेटवर्कची नक्कल करणारा फुकट सॉफ्टवेअर संच. टीसीएलच्या स्क्रिप्टमध्ये दोन नोडमधला दुवा लिहिताना शेवटचा शब्द ‘ड्रॉपटेल’ असतो, म्हणजे तीच भरली की फेकणारी साधी रांग. तो खोडून ‘रेड’ लिहिला की राउटर बदलला. दोन आलेख काढायचे, एक खाली एक वर, की झालं प्रकरण चार. मी चौथ्या खुंटीत एक गुणक घातला आणि नावापुढे एक अक्षर लावलं. पेपर छापून आला. फ्लॉइड यांच्या खात्यात माझ्याकडून एक सायटेशन जमा आहे. माझ्या पेपरच्या खात्यात आजवर चार, त्यातलं एक माझंच.

आता गंमत बघा. एनएस उभा करणाऱ्यांत स्टीव्ह मॅकॅन, केव्हिन फॉल यांच्याबरोबर फ्लॉइड स्वतः होत्या. म्हणजे ज्या हत्यारानं रेडवरचे पेपर पिकले त्याच्या घडणीतही त्यांचा हात. आणि त्याच फ्लॉइड यांनी व्हर्न पॅक्सन यांच्याबरोबर १९९७ साली पेपर लिहिला की इंटरनेटची नक्कल कशी करायची हे आपल्याला कळलेलं नाही. त्याची वाढवलेली आवृत्ती २००१ मध्ये निघाली आणि तिला आयईईईचं पारितोषिकही मिळालं. इंटरनेट एकजिनसी नाही, सतत बदलतं, कालची वाहतूक उद्याची नसते. तेव्हा एकाच मांडणीवर, एकाच आकड्यावर भरवसा ठेवू नका, आकडे बदलून बदलून पाहा, असा त्यातला सल्ला. आम्ही तो पेपरही संदर्भसूचीत घातला होता. वाचला असता तर सहा नोडच्या टोपॉलॉजीवर डिझर्टेशन उभं करण्याचं धाडस झालं नसतं.

ज्यांना खऱ्या राउटरची रात्रपाळी करायची होती ते मात्र रेडपासून चार हात दूर राहिले. इंटरनेटचे नियम आणि शिफारशी आरएफसी नावाच्या क्रमांकवार कागदपत्रांतून निघतात. त्यातल्या १९९८ च्या आरएफसी २३०९ नं रेड लावा अशी शिफारस केली. १९९९ मध्ये मे, बोलो, दियो आणि लाइल्स यांनी रेड का लावू नये याच विषयावर पेपर लिहिला. २००० च्या सिगकॉम परिषदेत क्रिश्चनसेन, जेफे आणि सहकाऱ्यांनी वेबच्या वाहतुकीवर रेड तासून पाहिला, आणि जोवर तार अगदी गच्च भरत नाही तोवर साध्या रांगेपेक्षा फारसा फरक त्यांना दिसला नाही. चुकीची पिळली तर खुंटी उलटी लागायची. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि खुद्द जेकबसन यांनी ‘कोडेल’ आणला, ज्याचा मुख्य गुण हाच की त्याला पिळावं लागत नाही. २०१५ च्या आरएफसी ७५६७ नं रांग सांभाळण्याचा आग्रह कायम ठेवला, पण रेडच लावा ही शिफारस काढून टाकली.

इथे काही जण म्हणतील की मग रेड फसला. एवढं सोपं नाही. २०१० च्या सिगकॉममध्ये डेटा सेंटरसाठी ‘डीसीटीसीपी’ हा टीसीपीचा नवा अवतार आला. त्यासाठी नेटवर्कची नवी स्विच (राउटरसारखीच यंत्रं) विकत घ्यायची गरज नव्हती, कारण बाजारातल्या स्विचमध्ये रेड आधीच बसवलेला होता. त्याच्या खालच्या-वरच्या दोन्ही मर्यादा एकाच आकड्यावर ठेवायच्या आणि सरासरीऐवजी क्षणाची रांग पाहायची. चार खुंट्यांची एक झाली. सतरा वर्षांपूर्वीचं, स्विचमध्ये निजून राहिलेलं यंत्र भलत्याच कामाला उपयोगी पडलं. त्या पेपरच्या लेखकांत जितेंद्र पाध्ये आहेत. हे आडनाव मराठी डोळ्याला थांबवतंच. टीसीपीचा वेग हरवलेल्या पॅकेटांवरून सांगणारं १९९८ चं ‘पीएफटीके’ सूत्र त्यांच्याच आडनावाच्या आद्याक्षरानं सुरू होतं, आणि त्या सूत्रावर उभा राहिलेला २००० सालचा पेपर त्यांनी फ्लॉइड यांच्याबरोबर लिहिलेला आहे.

आता त्या कामाकडे येतो जे वायरीवर रोज चालतं आणि आमच्या शीटला दिसत नाही.

१९९२ च्या मे महिन्यात बर्कलीहून देशभरच्या ठिकाणांकडे पिंग, म्हणजे पलीकडून उत्तर येतं का हे पाहणारे छोटे निरोप, सोडले गेले, साधारण सेकंदाला एक, हजार-हजारांच्या खेपा. हार्वर्ड आणि एमआयटीकडे जाणाऱ्यांपैकी किमान तीन टक्के गळत होते. दिवसा गळत, रात्रीही गळत, म्हणजे दोष गर्दीचा नव्हे. गळतीला ठेका होता: दर ९० सेकंदांनी. वाटेवरचे राउटर एकमेकांना आपापले मार्ग कळवणारे निरोप दर ९० सेकंदांनी पाठवत आणि ते वाचण्यात गुंतले की पॅकेटं पुढे ढकलायची राहून जात. पण सगळ्यांचे निरोप एकाच वेळी का निघावेत? ते तर वेगवेगळ्या वेळी चालू केलेले. फ्लॉइड आणि जेकबसन यांनी दाखवलं की एकाचा निरोप वाचून होईपर्यंत दुसरा आपलं घड्याळ पुन्हा लावत नाही, म्हणून दोघांची घड्याळं एकमेकांना चिकटतात, मग तिसरं, चौथं. सुटे पडलेले राउटर आपोआप एका तालात येतात, आणि एकदा आले की सुटत नाहीत. उपाय: घड्याळ दर वेळी थोडं मागेपुढे, तेही नुसतं चिमूटभर नव्हे तर चांगलं भरपूर, चिठ्ठी टाकून.

१९९३ चा हा पेपरही उद्धृत होतो, रेडइतका नाही. पण आरएफसी २४५३ उघडा, रिप या राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवायच्या प्रोटोकॉलच्या दुसऱ्या आवृत्तीचं १९९८ सालचं नियमपुस्तकच म्हणा. तीस सेकंदांच्या घड्याळात दर वेळी पाच सेकंदांपर्यंतचा यादृच्छिक फरक घाला, असं तिथे आहे, आणि कंसात पुस्ती जोडली आहे की अलीकडचं संशोधन पाहता याहून मोठा फरक ठेवायचाही विचार करावा. संदर्भ म्हणून फ्लॉइड-जेकबसन. एका कंसातलं हे सायटेशन जगभरच्या राउटरांच्या कोडमध्ये गेलं. आमच्या शीटला स्कोपस लागतं. आरएफसी तिथे नसतात, तेव्हा त्या कंसाची किंमत शून्य. आज पुण्या-बंगळूरच्या ऑफिसात बसून कुणी सर्व्हर पडल्यावर पुन्हा जोडणीचा कोड लिहितो तेव्हा त्यात ‘जिटर’, म्हणजे वेळेत असाच यादृच्छिक फरक, घालतोच, सगळे क्लायंट एकदम तुटून पडू नयेत म्हणून. तो कुणालाही उद्धृत करत नाही. करायची पद्धतही नाही.

आरएफसींच्या यादीत फ्लॉइड यांचं नाव पुन्हापुन्हा येतं. १९९६ चा २०१८ क्रमांक म्हणजे सॅक: मधलं कुठलं पॅकेट हरवलं ते नेमकं सांगायची सोय, एकासाठी सगळं पुन्हा मागवायला नको. १९९९ चा २५८२ म्हणजे न्यूरिनो: पॅकेटं हरवल्यावर सावरायची टीसीपीची सुधारलेली रीत. २००२ चा ३३९० म्हणजे सुरुवातीलाच थोडी जास्त पॅकेटं सोडायची मुभा. आणि २००१ चा ३१६८, ईसीएन, म्हणजे पॅकेट टाकून देण्याऐवजी त्यावर ‘गर्दी आहे’ अशी खूण करून पुढे जाऊ देणं. त्याचे पहिले लेखक के. के. रामकृष्णन. त्यांनी आणि राज जैन यांनी असाच एका बिटाचा निरोप डीईसी या संगणक कंपनीत काम करताना मांडला होता, तोही जेकबसन यांचा पेपर आला त्याच १९८८ च्या सिगकॉममध्ये. दोघेही बंगळूरच्या आयआयएस्सीत शिकलेले.

ईसीएन लिनक्समध्ये आलं आणि काही वेबसाइट उघडेनाशा झाल्या. कारण टीसीपीच्या शीर्षातले जे बिट आजवर राखीव म्हणून शून्य असत, त्यांत आता काहीतरी दिसू लागलं. काही फायरवॉलना, म्हणजे नेटवर्कच्या दारावरच्या राखणदारांना, ते घुसखोरीचं लक्षण वाटलं आणि त्यांनी जोडणीच तोडली. फ्लॉइड यांनी यावर २००२ मध्ये आरएफसी ३३६० लिहिला. राखीव बिट म्हणजे पुढच्यांसाठी ठेवलेली जागा, ती भरलेली दिसली म्हणून परस्पर तोडू नका, नाहीतर प्रोटोकॉल वाढायचाच थांबेल, असं त्याचं सार. यात नवा अल्गोरिदम नाही, प्रमेय नाही, आलेख नाही. माझ्या मते त्यांच्या अख्ख्या यादीतलं हे सर्वांत प्रामाणिक लिखाण: आपलं काम प्रत्यक्षात अडलं कुठे हे शोधून, फायरवॉल विकणाऱ्यांना समजेल अशा भाषेत लिहिलेलं. विद्यापीठात प्रमोशनच्या रांगेत असलेल्या माणसानं यावर महिना घालवला असता असं मला वाटत नाही.

उलट बाजूला १९९५ चा एसआरएमचा पेपर. एकाच वेळी अनेकांकडे खात्रीनं माहिती पोचवायची सुंदर रीत, खूप उद्धृत. पण ज्या मल्टिकास्टवर, म्हणजे एकदा पाठवून अनेकांना पोचवण्याच्या सोयीवर, ती उभी होती ते खुल्या इंटरनेटवर कधी रुजलंच नाही. सायटेशनचा रकाना भाव देतो तो एसआरएमला, आरएफसी ३३६० ला नाही.

आणखी एक अडचण भरताना आली. २००१ चा ‘अडॅप्टिव्ह रेड’, रामकृष्ण गुम्माडी आणि स्कॉट शेंकर यांच्याबरोबरचा. खुंट्या आपोआप पिळल्या जाव्यात म्हणून केलेला. हा तांत्रिक अहवाल म्हणूनच फिरला, आणि लोकांनी त्याला तसाच, अहवाल म्हणून, भरभरून उद्धृत केलं. मी तो आधी जर्नलमध्ये टाकला, शीटनं आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा क्रमांक, मागितला. कॉन्फरन्समध्ये टाकला, प्रोसीडिंगचं नाव मागितलं.

हे सगळं होईतो साडेसहा वाजले होते. शिपाई कुलूप घेऊन दारात उभा. सहज म्हणून लॅबच्या लिनक्स मशीनवर एसएस ही आज्ञा टीआय या पर्यायासह चालवली. चालू जोडण्यांची यादी आली, आणि जवळजवळ प्रत्येक ओळीत छोट्या अक्षरांत ‘सॅक’. मी शीटकडे परत आलो. जर्नल, कॉन्फरन्स, सायटेशन भरून झाले होते. उरलेले आरएफसी २०१८, २५८२, ३१६८, ३३६०, ३३९० आणि तो अहवाल शेवटच्या ‘इतर’मध्ये टाकले आणि बेरीज दाबली. बेरीज हलली नाही. ‘इतर’ला आमच्याकडे गुणच ठेवलेले नाहीत.